आठ आण्यांचा कुत्रा

मुंबईत एकदा चक्क कुत्र्यांवरून दंगल झाली होती. थट्टा नाही मंडळी! साल १८३२, महिना जून. मोकाट कुत्री मारायची सरकारी मोहीम चालू होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आता नगावर पैसे म्हटल्यावर काय होणार? रस्त्यावरचं कुत्रं पळतं, चावतं. पाळलेलं बिचारं शेपूट हलवत जवळ येतं. पकडणारे घरात शिरून पाळीव कुत्रीही उचलतात, अशी ओरड सुरू झाली.

पारशांच्या अंत्यविधीत 'सगदीद' असतं, म्हणजे मृतदेह कुत्र्याला दाखवतात. त्यामुळे ६ जूनला कोटात पारशी लोक पोलिसांवर चालून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, लष्कराची रसदसुद्धा अडवली. शेवटी पलटण बोलवावी लागली. पुढे जमशेटजी जीजीभाई मध्ये पडले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची असं ठरलं. १८३४ साली मुंबईची पांजरपोळ निघाली, तीही जमशेटजींच्याच पुढाकाराने.

गंमत बघा, या सगळ्या भांडणात मालकाच्या हक्काबद्दल सगळे बोलले. मालकाच्या जबाबदारीचं कलम कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच अर्धी लिहिलेली!

आणि 'शहराबाहेर' म्हणजे नेमकं कुठे हो? आज नाशिक हायवेने आलात तर शहापूर, माळशेजच्या वाटेला लागलात तर मुरबाड. तानसा, भातसाचं पाणी इथूनच मुंबईला जातं. आणि 'गावाकडे मोकळी जागा आहे, जगेल' असं म्हणत नको झालेलं जनावर गाडीतून सोडून जाणारेही भेटतात. सोफ्यावर वाढलेलं कुत्रं जंगलाच्या कडेला कसं जगणार? बिबट्याला तर कुत्रं म्हणजे आयती शिकार. जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड किती? जास्तीत जास्त पन्नास रुपये!

२००१ साली केंद्र सरकारने नियम केले. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. भटक्या कुत्र्यांचं हे कलम सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर वादही भरपूर. पण त्याच नियमांत आणखी एक ओळ होती: पाळीव कुत्र्याचं प्रजनन आटोक्यात ठेवणं, लस, नसबंदी आणि परवाना ही मालकाची जबाबदारी. २०२३ च्या नव्या नियमांतही पाळीव प्राण्यांची लस आणि नसबंदी मालकाकडेच आहे. म्हणजे १८३२ मध्ये राहिलेलं कलम आलं, फक्त वाचायचं राहिलं.

हिशोब सोपा आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि नऊ आठवड्यांत विते. मांजर तर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' याला वैद्यकीय आधार नाही. उलट वेळेवर नसबंदी केली तर गर्भाशयातल्या पू होण्याच्या आजाराचा धोका टळतो, स्तनांच्या गाठींचाही कमी होतो. नराची शस्त्रक्रिया तर आणखी सोपी.

तेव्हा पिल्लू घरी आणलंत की लसीच्या तारखा लिहिताना डॉक्टरांना नसबंदीचीही तारीख विचारून घ्या. त्या पिल्लाची पुढची पिढी रस्त्यावर येणार की नाही, हे महापालिकेच्या गाडीच्या कितीतरी आधी तुमच्या घरात ठरतं.