पी०४०१ (दोषसंकेतांक)

पी०४०१ हा मोटारगाड्यांच्या स्वयंनिदान प्रणालीतील एक प्रमाणित दोषसंकेतांक आहे. एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजेच ईजीआर, या प्रणालीतून अपेक्षेपेक्षा कमी वायू वाहत असल्याचे इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला आढळल्यास तो नोंदवला जातो. प्रवाह कमी आहे एवढेच हा संकेतांक सांगतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही. म्हणून केवळ संकेतांक वाचून ईजीआर व्हॉल्व्ह बदलल्यास खर्च होऊनही दोष कायम राहण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान सुमारे १,४०० अंश सेल्सियसच्या वर गेले की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून नायट्रोजनची ऑक्साइडे वेगाने तयार होऊ लागतात. ती श्वसनमार्गास अपायकारक असतात, तसेच सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होण्यास कारणीभूत ठरतात. ईजीआर प्रणाली इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा काही भाग पुन्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडते. या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ अधिक असल्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. डिझेल इंजिनांत हा वायू बहुधा ईजीआर कूलरमधून थंड करून सोडला जातो.

संकेतांकाची रचना

‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित दोष दर्शवते. त्यानंतरचे शून्य हा संकेतांक सर्व उत्पादकांसाठी समान असल्याचे, तर ४ हा अंक उत्सर्जन नियंत्रणाच्या साहाय्यक यंत्रणा दर्शवतो. पी०४०२ हा अतिरिक्त प्रवाहाचा, पी०४०३ हा नियंत्रण मंडलातील दोषाचा, तर पी०४०५ व पी०४०६ हे ईजीआर सेन्सरच्या मंडलातील दोषांचे संकेतांक आहेत. अशा संकेतांकांचे वाचन करणारी ओबीडी-२ प्रणाली अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून, तर भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारगाड्यांना सक्तीची झाली.

दोषाची नोंद

संगणक ईजीआर प्रवाह अप्रत्यक्षपणे तपासतो. काही पेट्रोल इंजिनांत गाडीचा वेग उतरत असताना व्हॉल्व्ह क्षणभर उघडला जातो आणि मॅनिफोल्डमधील दाब पुरेसा वाढतो का, हे पाहिले जाते. काही गाड्यांत नळीतील अरुंद छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजला जातो. डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेचे प्रमाण घटणे अपेक्षित असते. अनेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत हा दोष आढळल्यावरच चेक इंजिन दिवा लागतो.

लक्षणे व कारणे

कित्येकदा दिवा लागण्यापलीकडे चालकाला काहीच जाणवत नाही. काही पेट्रोल गाड्यांत चढावर किंवा जोर देताना इंजिनातून ठोके ऐकू येतात.

काजळी आणि तेलाची वाफ यांच्या थराने व्हॉल्व्ह, नळी किंवा मॅनिफोल्डमधील मार्ग चोंदणे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. याशिवाय व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकणे, निर्वात नळी फाटणे, नियंत्रक सोलेनॉइड निकामी होणे, दाबाचा सेन्सर चुकीचे मोजमाप देणे किंवा त्याचे छिद्र बुजणे ही कारणेही संभवतात.

निदान

प्रथम स्कॅनरने सर्व संकेतांक आणि दोष नोंदवतानाची इंजिनाची स्थिती वाचली जाते. सेन्सर वा विद्युत मंडलाचे अन्य संकेतांक असल्यास त्यांची तपासणी आधी केली जाते. त्यानंतर नळ्या, तारा व जोड डोळ्यांनी तपासले जातात.

पुढील चाचणीत इंजिन संथ चालू असताना स्कॅनरच्या आज्ञेने व्हॉल्व्ह उघडला जातो. निर्वातावर चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठी हातपंप वापरतात. पेट्रोल इंजिन अडखळले किंवा बंद पडले, तर वायू पोहोचत आहे असे समजून दोष नियंत्रणात किंवा सेन्सरमध्ये शोधावा लागतो. इंजिनात काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह हलत नाही किंवा मार्ग चोंदला आहे. व्हॉल्व्ह काढून पाहिल्यावर या दोहोंतील भेद स्पष्ट होतो. डिझेल इंजिनात असा अडखळा जाणवेलच असे नाही. तेथे व्हॉल्व्ह उघडताना ताज्या हवेचा आकडा घटतो का, हे स्कॅनरवर पाहिले जाते.

एक्झॉस्टचे भाग अतिशय तापत असल्याने ते सुटे करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ देणे आवश्यक असते. वायूतील विषारी कार्बन मोनॉक्साइडमुळे इंजिन चालू ठेवून करावयाची चाचणी मोकळ्या जागेत केली जाते.

दुरुस्ती

चोंदलेला मार्ग योग्य द्रावणाने स्वच्छ करून नवे गॅस्केट बसवले जाते. व्हॉल्व्ह तेवढा स्वच्छ केला आणि मॅनिफोल्डमधील मार्ग तसाच राहिला, तर संकेतांक पुन्हा उमटतो. काही गाड्यांत नव्या व्हॉल्व्हची ओळख स्कॅनरद्वारे संगणकाला करून द्यावी लागते. संकेतांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे; गाडी चालवल्यावर संगणकाची ईजीआर चाचणी पूर्ण होऊन संकेतांक परत न आल्यासच दोष दूर झाला असे मानले जाते.

नळीत पत्रा बसवून ईजीआर बंद करण्याची पद्धतही आढळते. अमेरिकेत उत्सर्जन नियंत्रण यंत्रणा अशी निकामी करणे स्वच्छ हवा कायद्याने निषिद्ध आहे. भारतातील नियमित पीयूसी तपासणीत पेट्रोल गाड्यांचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाड्यांच्या धुराची घनता पाहिली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद असलेल्या गाडीलाही प्रमाणपत्र मिळू शकते, आणि चेक इंजिन दिवा हीच बहुधा या प्रदूषणाची चालकाला मिळणारी एकमेव सूचना ठरते.