पांडवांनी कोरलं, गुराख्यांनी काढलं

महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरांत फिरणाऱ्याला एक उत्तर हमखास ऐकायला मिळते. टाके असो, कपार असो की कोरीव लेणे, कुणी केले असे विचारले की गावकरी सांगतात, "पांडवांनी. एका रात्रीत." पाचगणीजवळच्या राजपुरी गावी कार्तिकस्वामींची लेणी आहेत. कार्तिकेयाने इथे तप केले ही एक कथा आणि वनवासात पांडव इथे राहिले ही दुसरी. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा वाटेत गुरे राखत बसलेल्या एका वृद्ध बाबांनी मला ही दुसरी कथा सांगायला घेतली. मी तेव्हा नुकतीच चार पुस्तके वाचलेली. त्यांना मध्येच थांबवून म्हणालो, "बाबा, पांडवांचा इथं काही संबंध नाही." ते म्हणाले, "तुमी शिकल्यालं, आसंल तसं," आणि गुरांकडे वळले. ते पुढे काय सांगणार होते, हे मला कधीच कळले नाही.

अशा कथांचे संशोधकाने काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

सातारा जिल्ह्यात पांडवांचा एक स्वतंत्र भूगोलच आहे. वाई म्हणजे विराटनगरी, असे इथली परंपरा मानते. वाईजवळच पांडवगड उभा आहे. लोहारे गावच्या पालपेश्वर लेण्यांतला बौद्ध स्तूप लोकांच्या भक्तीत शिवलिंग झाला. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत आणि तिथे संघमित्र नावाच्या दात्याने लेणे दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. म्हणजे करविता कोण, हे भिंतीवरच लिहून ठेवलेले होते. पण भिक्षू गेले, ब्राह्मी वाचणारे संपले आणि संघमित्राचे नाव डोळ्यांसमोर असूनही विस्मरणात गेले. एवढा कठीण कातळ फोडणारा माणूस साधा नसणार, आणि रानात दगडाच्या घरात राहायची वेळ वनवाशावरच येणार. असे दोन्ही बाजूंनी पाहिले तर पांडवांखेरीज दुसरे नाव गावाला सुचणार तरी कोणते? कथा इतिहास म्हणून चुकली, पण विचार म्हणून ती निराधार नव्हती.

इथे निदान शिलालेख तरी कथेला दुरुस्त करतो. जिथे अक्षरच नाही, तिथे काय? त्यासाठी घाट उतरून कोकणात जावे लागते. महाबळेश्वरचा माथा आणि पाचगणीचे टेबललँड ज्या जांभ्याचे आहे, तोच जांभा रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर पसरलेला आहे. त्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. कुठे शार्क, कुठे कासव, तर कुठे कोकणातून केव्हाच नाहीसा झालेला गेंडा. या चित्रांत शेती आढळत नाही, त्यावरून ती शिकार आणि रानातल्या कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांची, काही हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे अभ्यासक मानतात. नुसत्या कोरीव रेषेचे वय थेट मोजता येत नाही, म्हणून असा अंदाज बांधावा लागतो. 2022 साली यांतली रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली.

आता स्थानिक लोक काय म्हणतात ते पाहा. कुडोपीचा सडा पिढ्यान्‌पिढ्या 'बाहुल्यांचा टेंब' आहे. देवीहसोळला कातळशिल्प आर्यादुर्गेच्या देवळाजवळ असून देवीच्या परिसरात सामावून गेले आहे. एका स्थळाचे तर नावच 'देवाचे गोठणे'. गोठण म्हणजे गुरे विसाव्याला थांबतात ती जागा. गोव्यात कुशावतीच्या काठी फणसायमळला (उसगाळीमळ असेही म्हणतात) पुरातत्त्वज्ञ पी. पी. शिरोडकर यांनी 1993 साली जी शिल्पे उजेडात आणली, ती गुराख्यांनी गुरे चारता चारता काढली, अशी तिथल्या लोकांची समजूत होती.

ही गुराख्यांची कथा मला महत्त्वाची वाटते. पांडवांची कथा महाभारत ऐकलेल्या माणसाची आहे, तर गुराख्याची कथा त्या जागेवर दिवस काढलेल्या माणसाची. सड्यावर शेत नाही, सावली नाही. तिथे जातो तो गुराखी. रेषा त्यालाच दिसत होत्या, म्हणून त्या त्याच्याच नावावर लागल्या. ही कथा शिल्पांचा कर्ता सांगत नाही; ती शिल्पांचा राखणदार सांगते.

याचा पुरावा शोधाच्या हकिकतीतच आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सड्यांवर मैलोन्‌मैल चालले. त्यांनी शाळांतल्या मुलांना सांगितले, की घरी आजी-आजोबांना विचारा, कातळावर कुठे चित्र पाहिले आहे का? त्यातून नवी ठिकाणे मिळत गेली. भीमबेटकाचेही तसेच. 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी तिथल्या चित्रांचे महत्त्व ओळखले. पण 1888 साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या जागेची नोंद केली, ती आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून. त्यानेही ते बौद्ध स्थळ समजण्याची चूक केली. लोकांनी मात्र भीमाची बैठक म्हणून जागा जपली होती. चूक दोघांची झाली. फरक इतकाच, की लोकांच्या चुकीने वाट दाखवली.

शिकलेल्यांच्या चुकीने कधी कधी मालकीच हिरावली जाते. ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात वांजिना नावाची मोठ्या डोळ्यांची, तोंड नसलेली चित्रे आहेत. तिथले मूळ रहिवासी म्हणतात, की वांजिनांनी स्वतःच आपली आकृती खडकावर ठेवली, माणसाचे काम ती वेळोवेळी रंगवून ताजी ठेवण्याचे. 1838 मध्ये जॉर्ज ग्रे या इंग्रजाने ती पाहिली आणि स्थानिकांच्या हातून असे काम होणे शक्य नाही, असे ठरवून टाकले. ज्यांचे हात ती चित्रे रंगवत होते, त्यांनाच त्याने हिशेबातून वगळले.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण वारल्यांचे. लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. हे कुणी काढले, असा प्रश्न तिथे उद्भवत नाही, कारण दर लग्नात ते नव्याने काढले जाते. कर्ता कोण, याची कथा लागते ती हात थांबल्यावर. म्हणून 'पांडवांनी केले' हे वाक्य मी आता असे वाचतो: करणारे गेले, आम्ही नंतर आलो, पण हे कुणीतरी मनापासून केलेले आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

याचा अर्थ लोककथेत दहा हजार वर्षांची स्मृती जशीच्या तशी टिकते, असे मी म्हणत नाही. आगाशिवला संघमित्राचे नावसुद्धा टिकले नाही. कथेने कालनिर्णय करू नये. पण जागा कोणती, तिथे काय करायचे नाही, वर्षातून केव्हा जायचे, पायताण कुठे काढायचे, हे कथा सांगते, आणि ते शिलालेख सांगत नाही.

आज ही दुहेरी ठेव धोक्यात आहे. जांभ्याच्या चिऱ्यासाठी सडे कापले जातात. 2023 साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि आंदोलन पेटले, तेव्हा अनेकांनी कातळशिल्प हा शब्द प्रथम ऐकला. दगड वाचवण्यासाठी निदान आवाज तरी उठतो. कथेसाठी तोही उठत नाही. गुरे कमी झाली, गुराखी मुंबईला गेले, आणि माहितीफलकावर इसवी सनाशिवाय दुसरे काही लिहायची आपली पद्धत नाही. या फलकांवर कालखंडाखाली एक ओळ वाढवता येईल: 'या जागेला गावात असे म्हणतात.' त्यासाठी आधी गावाला विचारावे लागेल.

राजपुरीला मी अजून जातो. आता कुणी "पांडवांनी" म्हणाले, की मी वही काढतो आणि विचारतो, "बरं, मग पुढं काय झालं?"