विनियोजनावरील राज्यपालांचा अधिकार व वऱ्हाड

राज्याच्या संचित निधीतून खर्च करण्याचा अधिकार शासनास विनियोजन अधिनियमाने मिळतो. वार्षिक वित्तीय विवरणपत्र सादर झाल्यावर विधानसभा अनुदानाच्या मागण्या मंजूर करते व त्यांवरून विनियोजन विधेयक तयार होते (अनुच्छेद २०२ ते २०४). ते राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. परंतु धन विधेयक असल्याने संमत झाल्यावर त्यांना ते पुनर्विचारार्थ परत पाठविता येत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष खर्चाचे विधेयक नाकारू शकतो. भारतात शिफारसही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. वऱ्हाडच्या इतिहासात मात्र खर्च रोखण्यापेक्षा तो करविण्याचा अधिकार अधिक महत्त्वाचा ठरला.

१९१९ च्या कायद्याने राखीव खात्यांच्या नामंजूर मागण्या प्रमाणित करण्याचा अधिकार गव्हर्नरास दिला होता. वऱ्हाडचे प्रतिनिधी बसत त्या मध्य प्रांताच्या विधानपरिषदेत १९२४ मध्ये स्वराज्य पक्षाने बहुतेक मागण्या फेटाळल्या, तेव्हा हा अधिकार वापरला गेला. लोकमताविरुद्धचे हे शस्त्र होते. १९३५ च्या कायद्याने प्रांताच्या महसुलाचा वाजवी हिस्सा वऱ्हाडासाठी खर्च होईल हे पाहण्याची खास जबाबदारी गव्हर्नरावर टाकली.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. नागपूर करारात (१९५३) विदर्भाला न्याय्य वाट्याचे आश्वासन होते. अनुच्छेद ३७१ (२) प्रमाणे विकास मंडळे व निधीचे समन्यायी वाटप यांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपविता येते. दांडेकर समितीने (१९८४) जिल्हावार अनुशेष मोजला. राष्ट्रपतींच्या आदेशानुसार १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली. २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी अनुशेषाच्या प्रमाणात निधिवाटपाचे निदेश दिले. विधानसभेचा मंजुरीचा अधिकार व राज्यपालांचा वाटपाचा अधिकार यांचा मेळ कसा घालावा, हा वाद त्यातून उद्भवला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

सिंचनाचा अनुशेष अखेरीस अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या जिल्ह्यांतच उरला. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याचा काही भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. तेथे विहिरीचे पाणी खारट असल्याने वान धरणासारख्या जलाशयांचे महत्त्व मोठे आहे. खर्चाची तरतूद कायद्याने होते. ती कोणत्या जिल्ह्यात व किती प्रमाणात उतरते, यावरच अशा तालुक्यांतील शेतीचे भवितव्य अवलंबून असते.