त्सिबोर, झोल्तान

(23 ऑगस्ट 1929 – 1 सप्टेंबर 1997). हंगेरीचा डाव्या बाजूचा विंगर. 1950 ते 1954 या काळात जगात सर्वांत बलाढ्य मानल्या गेलेल्या हंगेरियन फुटबॉल संघाचा आघाडीपटू. 1952च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, 1954च्या विश्वचषकात उपविजेतेपद आणि पुढे स्पेनमध्ये बार्सिलोना क्लबाकडून लागोपाठ दोन लीग विजेतेपदे ही त्याची ठळक कामगिरी. देशाकडून तो 43 सामने खेळला व त्यांत त्याने 17 गोल केले. फेरेन्त्स पुश्काश आणि शांदोर कोचिश या सहकाऱ्यांच्या गोलसंख्येपुढे हा आकडा लहान दिसतो. मात्र प्रतिस्पर्ध्यांचा बचाव त्या संघापुढे इतक्या लवकर का विस्कटत असे, याचे उत्तर शोधताना त्सिबोरच्या खेळाकडे पाहावेच लागते.

त्याचा जन्म कापोश्वार येथे झाला, पण फुटबॉल तो शिकला डॅन्यूबकाठच्या कोमारोम या रेल्वेच्या गावात. तेथील क्लबाकडून खेळत असतानाच त्याने रेल्वे इंजिनचालकाचे प्रशिक्षणही घेतले होते. 1948 मध्ये बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोश क्लबाने त्याला बोलावून घेतले. एकोणिसाव्या वर्षी तो ज्या आघाडीच्या फळीत दाखल झाला, त्या फळीत बुदाई, कोचिश, देआक आणि मेसारोश हे चौघे होते. 1948-49च्या हंगामात या संघाने 30 लीग सामन्यांत 140 गोल केले आणि विजेतेपद मिळवले. 1949 मध्येच त्याची राष्ट्रीय संघात वर्णी लागली.

नंतरची घडामोड मैदानाबाहेरची आहे. तिच्यामुळे त्सिबोरची पुढची वाट बदलली. कम्युनिस्ट राजवटीने क्लब वेगवेगळ्या मंत्रालयांकडे आणि कामगार संघटनांकडे सोपवले. फेरेन्त्सवारोशचा चाहतावर्ग मोठा होता आणि राजवटीला तो डोळ्यांत सलत होता. त्या क्लबाचे नाव आणि रंग बदलण्यात आले आणि चांगले खेळाडू एकेक करून निघून गेले. बुडापेस्टच्या किशपेश्त उपनगरातील क्लबाचे रूपांतर होनवेड या लष्करी संघात झाले होते. राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांना आपले प्रमुख खेळाडू एकत्र सराव करताना हवे होते, आणि लष्करात भरती करून घेतले की ते सहज साधत असे. कोचिश आणि बुदाई तिकडे गेले. त्सिबोर मात्र आधी चेपेल या कारखान्यांच्या भागातील क्लबात गेला आणि 1953 मध्ये होनवेडमध्ये आला. होनवेडकडून त्याने 1954 आणि 1955ची लीग विजेतेपदे मिळवली. 1955 मध्ये 20 गोलांसह तो सहकारी माखोश याच्या बरोबरीने लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. एका विंगरसाठी ही मोठीच कमाई म्हणावी लागेल.

त्या काळात विंगरने टचलाइन धरून धावावे, शेवटपर्यंत जाऊन चेंडू मध्ये टाकावा आणि परत आपल्या जागी यावे, अशी रीत होती. त्याच्यासमोरचा बचावपटूही त्याच हिशेबाने उभा असे. शेबेश यांच्या संघाने हा हिशेबच मोडला. सेंटर फॉरवर्ड हिदेगकुती मागे सरकून खेळे, पुश्काश आणि कोचिश पुढच्या मोकळ्या जागेत घुसत आणि विंगर गरज पडेल तसे मागे येत. त्सिबोरला ही पद्धत फारच मानवली. त्याचा वेग विलक्षण होता आणि डाव्या पायाचा फटका जोरकस होता. पण त्याचा खरा गुण म्हणजे तो एका जागी सापडत नसे. मधूनच तो आत शिरे, कधी मध्यरक्षकांच्या रांगेत येऊन चेंडू मागे, तर कधी मैदान ओलांडून थेट उजव्या बगलेवर उगवे.

25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा 6-3 असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या देशाकडून इंग्लंडचा वेम्बलीवर झालेला हा पहिलाच पराभव. सहा गोलांपैकी तीन हिदेगकुतीचे, दोन पुश्काशचे आणि एक बोझिकचा. त्सिबोरच्या नावावर एकही नाही. तरी तिसऱ्या गोलाचे चित्रण पाहण्यासारखे आहे. पुश्काशने चेंडू तळव्याने मागे ओढला, इंग्लंडचा कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेत घसरत गेला आणि दुसऱ्याच क्षणी चेंडू जाळ्यात होता, एवढे सर्वांना आठवते. तो चेंडू पुश्काशकडे आला कोठून? उजव्या बाजूने. आणि तो देणारा होता डाव्या बाजूचा विंगर त्सिबोर. आपली बाजू सोडून तो पार पलीकडे गेला होता. सहा महिन्यांनी, 23 मे 1954 रोजी, बुडापेस्टमध्ये हंगेरीने इंग्लंडला 7-1 असे हरवले.

या संघाचे पहिले मोठे यश 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले. खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकामुळे मराठी वाचकांना या स्पर्धेची ओळख आहे. याच स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघावर 10-1 असा मोठा विजय मिळवणारा युगोस्लाव्हिया अंतिम फेरीत पोहोचला. तेथे हंगेरीने त्याला 2-0 असे हरवले. पूर्वार्धात पुश्काशची पेनल्टी वाया गेली होती. उत्तरार्धात त्याने त्याची भरपाई केली आणि सामना संपायला काही मिनिटे उरली असताना त्सिबोरने दुसरा गोल केला.

1954चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये झाला. त्सिबोरने तीन गोल केले : एक दक्षिण कोरियाविरुद्ध, एक उपांत्य फेरीत उरुग्वेविरुद्ध आणि एक अंतिम सामन्यात. उरुग्वेविरुद्धच्या सामन्यात जखमी पुश्काश नव्हता. पहिला गोल त्सिबोरने केला आणि जादा वेळेत हंगेरी 4-2 अशी जिंकली. 4 जुलै रोजी बर्नच्या वांकडोर्फ मैदानावर पश्चिम जर्मनीविरुद्ध अंतिम सामना झाला. गटातील सामन्यात याच संघाला हंगेरीने 8-3 असे हरवले होते. शेबेश यांनी त्या दिवशी त्सिबोरला उजव्या बगलेवर ठेवले आणि डावीकडे मिहाय टोथला खेळवले. सहाव्या मिनिटाला पुश्काशचा गोल झाला. आठव्या मिनिटाला जर्मन बचावपटू कोलमायर आणि गोलरक्षक तुरेक यांच्यात गोंधळ झाला, चेंडू निसटला आणि त्सिबोरने तो मोकळ्या गोलमध्ये टाकला. पण अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीने बरोबरी साधली आणि 84व्या मिनिटाला रानने विजयी गोल केला. त्यानंतर पुश्काशचा गोल ऑफसाइड ठरवण्यात आला. शेवटच्या क्षणी त्सिबोरने मारलेला फटका तुरेकने अडवला आणि सामना 3-2 असा संपला. सुमारे चार वर्षे अपराजित असलेला संघ नेमका तेथे हरला. उजव्या बगलेवर ठेवल्यामुळे त्सिबोरचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, कारण त्याने गोल केलाच. डावीकडची त्याची धार मात्र त्या दिवशी संघाला मिळाली नाही.

ऑक्टोबर 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. होनवेडला त्या सुमारास युरोपियन कपमध्ये अ‍ॅथलेटिक बिल्बाओशी खेळायचे होते. बिल्बाओत होनवेड 3-2 ने हरले. परतीचा सामना बुडापेस्टमध्ये घेणे अशक्य असल्याने तो 20 डिसेंबरला ब्रुसेल्समध्ये झाला. तेथे होनवेडचा गोलरक्षक जखमी झाला. बदली खेळाडू घेण्याची तेव्हा मुभा नव्हती, म्हणून त्सिबोर गोलमध्ये उभा राहिला. सामना 3-3 असा सुटला आणि होनवेड स्पर्धेबाहेर गेले. हंगेरीच्या फुटबॉल महासंघाचा विरोध असतानाही संघाने प्रशिक्षक बेला गुटमान यांच्यासोबत ब्राझीलचा दौरा केला. दौरा संपल्यावर बरेच खेळाडू मायदेशी परतले. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत. त्यांच्यावर फिफाने बंदी घातली. ऐन भरातल्या खेळाडूचे ते दिवस अधिकृत सामन्यांविना गेले. रोमा क्लबाकडून त्सिबोर फक्त मैत्रीपूर्ण लढती खेळू शकला.

1958 मध्ये तो बार्सिलोनात आला. हंगेरीतूनच आलेला लास्लो कुबाला तेथे आधीपासून खेळत होता आणि कोचिशही तेथेच आला. प्रशिक्षक एलेनियो एरेरा यांच्या हाताखाली बार्सिलोनाने 1958-59ची लीग जिंकली. 1959-60 मध्ये रेआल माद्रिदशी गुणांची बरोबरी झाली आणि गोल सरासरीवर बार्सिलोनाला पुन्हा विजेतेपद मिळाले. मे 1960 मध्ये इंटर-सिटीज फेअर्स कपच्या अंतिम फेरीच्या परतीच्या सामन्यात बार्सिलोनाने बर्मिंगहॅम सिटीला 4-1 असे हरवले; त्यांतले दोन गोल त्सिबोरचे होते.

पुढच्या हंगामात बार्सिलोनाने रेआल माद्रिदला युरोपियन कपमधून बाहेर काढले. तोवर झालेली पाचही युरोपियन कप विजेतेपदे रेआलकडेच होती. 31 मे 1961 रोजी अंतिम सामना झाला तो बर्नच्या त्याच वांकडोर्फ मैदानावर. समोर लिस्बनचा बेन्फिका होता आणि त्याचा प्रशिक्षक होता होनवेडच्या ब्राझील दौऱ्यातला बेला गुटमान. कोचिशने बार्सिलोनाला आघाडी मिळवून दिली. पण लगोलग बेन्फिकाची बरोबरी आणि बार्सिलोनाचा स्वयंगोल झाला. उत्तरार्धात कोलुनाने तिसरा गोल केला. 75व्या मिनिटाला त्सिबोरने दूरवरून मारलेला फटका जाळ्यात गेला. बार्सिलोनाचे अनेक फटके गोलखांबांवर आदळले आणि बेन्फिकाने 3-2 असा विजय मिळवला. सात वर्षांच्या अंतराने एकाच मैदानावर त्सिबोर दोन अंतिम सामने हरला. दोन्हींत गुणफलक तोच होता आणि दोन्हींत त्याने गोल केला होता. कोचिशही दोन्ही सामन्यांत खेळला होता.

1961 मध्ये तो बार्सिलोना शहरातल्याच एस्पान्योल क्लबाकडे गेला. कारकिर्दीच्या अखेरीस व्हिएन्नात आणि कॅनडातही तो खेळला, पण त्या सामन्यांना फारसे महत्त्व नाही. हंगेरीतील राजवट बदलल्यानंतर तो मायदेशी परतला. ग्योर येथे वयाच्या 68व्या वर्षी त्याचे निधन झाले.

त्याच्या 43 सामन्यांचा आकडा 1956 मध्ये थांबला, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. बार्सिलोनाकडून त्याने केलेली कामगिरी पाहता पुढची किमान पाच वर्षे राष्ट्रीय संघात त्याची जागा निश्चित होती, असे म्हणण्यास आधार आहे. हंगेरीच्या डाव्या बगलेवर त्याच्या तोडीचा खेळाडू आजवर झालेला नाही.