चोरकथेची बाजू

आचार्य कुंदकुंदांच्या ‘नियमसारा’त वचनगुप्ती सांगताना काही गोष्टी बोलणं टाळावं असं म्हटलं आहे: स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा आणि भोजनकथा. या सगळ्यांचं मिळून नाव विकथा. पुढे जे पंधरा प्रमाद मोजले गेले, त्यांत विकथा अगदी आधी येतात, आणि त्यांच्या जोडीला कषाय, इंद्रियं, झोप, स्नेह. काही ग्रंथांत चोरकथेच्या जागी देशकथा येते. पण कुंदकुंदांची यादी धरली, तर बालाघाटच्या घरांमधून उन्हाळाभर जे वाचलं गेलं, ते नावानिशी पकडलं जातं. रहस्यकथा ही चोरकथाच की! चोर, खुनी, तिजोरी, भुयार, आणि शेवटच्या प्रकरणात उलगडा.

अशी पुस्तकं सुखाच्या दिवसांत वाचली तर कुणी फारसं बोलत नाही. ‘वेळ घालवते’ म्हणून सोडून देतात. पण घरात आजारपण आहे, गावात साथ आहे, धंदा बसला आहे, अशा वेळी हातात हलकं पुस्तक दिसलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाईच्या हातात दिसलं तर जरा जास्तच पडतात. या आठ्यांना इतिहासाचा किती आधार आहे, ते मला पाहायचं आहे.

विकथेला प्रमाद म्हणणाऱ्या परंपरेनेच शास्त्राचे चार भाग केले, तेव्हा पहिलं स्थान कथेला दिलं. प्रथमानुयोग म्हणजे पुराणं आणि चरित्रं. करणानुयोग, चरणानुयोग आणि द्रव्यानुयोग त्याच्या नंतर येतात. जयपूरच्या पंडित टोडरमलांनी अठराव्या शतकात ‘मोक्षमार्गप्रकाशका’त याचं कारण समजावून सांगितलं: ज्याची बुद्धी अजून सूक्ष्म गोष्टींना पोचत नाही, त्याचं मन राजारजवाड्यांच्या हकिकतींत रमतं, म्हणून सुरुवात तिथून करायची. त्यांच्याही पुष्कळ आधी, ‘वसुदेवहिंडी’चा मधला खंड लिहिणाऱ्या धर्मसेनगणींनी वैद्याचा दाखला दिला आहे. रोगी कडू औषध घेत नाही, तेव्हा वैद्य त्याच्या आवडीच्या पेयातून ते देतो. लोकांना प्रेमाच्या गोष्टी आवडतात, तर त्या निमित्ताने धर्म सांगावा. अर्थात धर्मसेनांना पेयापेक्षा औषधाची काळजी होती. पण तापाने फणफणलेल्या माणसाला ते पेयही बरं वाटत असणार, हे कुठल्या वैद्याला ठाऊक नसतं?

आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी ‘समराइच्चकहे’त कथांचे चार प्रकार केले: अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्णकथा. त्याच हरिभद्रांचं ‘धूर्ताख्यान’ वाचलं की माणूस हसल्याशिवाय राहत नाही. उज्जैनच्या बाहेर एका उद्यानात पाच धूर्त आपापला लवाजमा घेऊन जमले आहेत. पाऊस सात दिवस थांबत नाही. गारठा आहे, पोटात अन्न नाही. ते ठरवतात की प्रत्येकाने आपली एक अचाट कहाणी सांगायची, आणि जो तिला खोटी म्हणेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. ग्रंथाचा रोख दुसऱ्यांच्या पुराणांची थट्टा करण्याचा आहे, ते काही लपवण्यासारखं नाही. पण मला त्याची मांडणी मोलाची वाटते. उपाशी माणसं संकट सरेपर्यंत गोष्टी सांगतात, आणि त्यांत जिंकते ती खंडपाना नावाची बाई. बाकीच्या चौघांना गप्प करून शेवटी सगळ्यांच्या जेवणाची सोयही तीच करते.

पुढे 779 साली उद्द्योतनसूरींनी जालोरला ‘कुवलयमाला’ लिहिली. त्यात एका बाजाराचं वर्णन आहे, देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलत आहेत, आणि त्यांत मरहट्ट माणूसही आहे. मराठीच्या अभ्यासकांना त्या काळच्या बोलीचा हा उल्लेख मोठा मोलाचा वाटतो. तो सापडला कुठे, तर एका रंजक कथेत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण बालाघाटातही पुढे काहीसं असंच झालं.

छापखाने आले तेव्हा मराठीतली पहिली पावलं दोन्ही वाटांनी पडली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं, विधवांच्या दुःखावरचं. त्यानंतर लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 साली. वाचक धावले ते या अद्भुताकडे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं, त्याचं नाव सरळ ‘करमणूक’ ठेवलं. या नावाची त्यांना लाज वाटली नाही. सामाजिक कादंबरीची वाट ज्यांनी पक्की केली, तेच हे गृहस्थ. 1896 नंतर मुंबई-पुण्याला प्लेगने गाठलं, त्या वर्षांतही ‘करमणूक’ चालू होतं.

मग रेल्वेने हलक्या पुस्तकाला पाय दिले. अलाहाबादला 1877 साली सुरू झालेल्या ए. एच. व्हीलर कंपनीचे स्टॉल फलाटाफलाटांवर आले. 1888 साली याच स्टॉलवर विकायला रेल्वे लायब्ररी निघाली, रुपयाला एक पुस्तक. तिचा लेखक तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचा होता, रुडयार्ड किपलिंग. त्याच्याच ‘जंगल बुक’मध्ये 1894 साली आमची वैनगंगा आली. बालाघाटच्या काठाने वाहणारी ही नदी जगाला ठाऊक झाली ती मुलांच्या गोष्टीतून.

बालाघाट हे गाव या दृष्टीने चमत्कारिक ठिकाणी बसलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाईन टाकली, अडीच फुटी रुळांची. दक्षिणेला गोंदियात ती हावडा-मुंबई मोठ्या लाईनला भेटायची, उत्तरेला जबलपूरला अलाहाबादच्या लाईनला. प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे कचेरी, कॉलेज, दवाखाना, सगळ्याला माणसं तिकडेच जात. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वारासिवनी, कटंगी, लांजीकडच्या मराठी घरांतली माणसं होती तिथेच राहिली. मुलांची शाळा हिंदी झाली, सरकारी कागद हिंदी झाला. घरातली मराठी मात्र बोलण्यापुरती उरण्याची वेळ आली.

मराठीतलं गंभीर साहित्य या बाजूला फारसं येत नव्हतं. समीक्षा, नवकविता, वादविवाद पुण्या-मुंबईत आणि फार तर नागपुरात. आमच्याकडे जे आलं ते सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून. आजोळाहून परतणाऱ्या मुलांजवळ ‘चांदोबा’, आणि मोठ्यांच्या पिशवीत, जरा खाली दडवलेला, बाबूराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. 1906 ते 1996 एवढं आयुष्य, आणि हजाराहून जास्त रहस्यकथा. झुंजार आणि काळापहाड आमच्या बाजूच्या घरांत पाहुण्यांसारखे वावरले. उत्तरेकडून अलाहाबादचा माल उतरायचा. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ जुनीच होती, 1952 पासून इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ आली. एकाच घरात सासू मराठी चोरकथा वाचते आणि नातू हिंदी, असं दृश्य मी पाहिलं आहे. ज्यांनी मराठीचा एक तासही शाळेत घेतला नाही, अशा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचं मराठी वाचन झुंजारच्या मोटारीमागे धावत पक्कं झालं. ‘कुवलयमाले’सारखंच हे. भाषा जपायला कुणी निघालं नव्हतं, गोष्ट पुढे काय होते एवढंच पाहायचं होतं.

आमच्या घरांत वाचायला वेळही उन्हाळ्यातच मिळायचा. दुपारी पापड-कुरडया वाळत घातल्या की त्यांची राखण करावी लागते, ती पुस्तक हातात घेऊन बरी होते. संध्याकाळी तर जैन घराला एक सोय आहेच. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, चूल विझते, आणि ज्या वेळी शेजारच्या बायका भाकऱ्या थापत असतात, त्या वेळी आमच्या बायका ओसरीवर मोकळ्या असतात. मंदिरात शास्त्रवाचन होतं. ते आटोपल्यावर राहिलेला वेळ कुणाचा, हे शास्त्रात लिहिलेलं नाही.

माझे सासरे एका उन्हाळ्यात दोन महिने अंथरुणाला खिळून होते. सासूबाई रात्रभर उशाशी बसायच्या आणि कंदिलाच्या उजेडात अर्नाळकर वाचायच्या. समाचाराला आलेल्या एका नातेवाइकांनी टोकलं, घरात एवढं दुखणं आणि तुम्ही खुनाच्या गोष्टी वाचता? सासूबाईंनी पान न मिटता सांगितलं, “पुस्तकातला मुडदा पुस्तकातच राहते, भाऊजी. अन् जागं तर राहा लागते न मले.”

या दोन वाक्यांत मला सगळं उत्तर दिसतं. खऱ्या संकटाला शेवटचं पान नसतं. किती दिवस चालेल, कोण वाचेल, काही कळत नाही. चोरकथेतलं संकट सव्वाशे पानांत संपतं, गुन्हेगार सापडतो, आणि भीतीला एक काठ मिळतो. दमलेल्या मनाला तेवढं टेकायला पुरतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे ओळखलं. 1943 ते 1947 या काळात सैनिकांच्या खिशात मावतील अशी पुस्तकं छापून फुकट वाटली, तेराशेच्या वर पुस्तकं आणि बारा कोटींच्या वर प्रती. त्यांत मोठमोठे ग्रंथकार होते, तसेच घोडेस्वारांचे आणि गुप्तहेरांचे किस्सेही भरपूर होते. इब्ने सफींची मालिका निघाली तीही फाळणीच्या जखमा ओल्या असताना.

याच्या उलट बाजूही ऐकली पाहिजे. फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ हा वाद मराठीत वर्षानुवर्षं चालला. खांडेकरांच्या बाजूचं म्हणणं असं, की देश पेटला असताना प्रेमाच्या गुलाबी गोष्टी लिहिणं म्हणजे जीवनाकडे पाठ फिरवणं. हे म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पुस्तकात शिरून बाहेर यायचंच नाही, असं होऊ शकतं. भात करपतो, आजारी माणूस पाणी मागत राहतो, तेव्हा ती खरीच विकथा होते.

पण विकथा कशाला म्हणायचं, त्याची कसोटी आचार्यांनी कागदावर ठेवलेली नाही, मनावर ठेवली आहे. जिने राग-द्वेष वाढतात, कषाय चेततात, ती विकथा. 2021 च्या एप्रिलमध्ये मला हे नीट कळलं. त्या मार्चपासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी बसची वाहतूक थांबवली होती. चाळीसेक किलोमीटरवरचं गोंदिया परदेश झालं. टीव्हीवर दिवसरात्र आकडे, कुणाचं सरकार चुकलं, कुणामुळे रोग पसरला. फोनवर अफवा आणि शिव्या. ही राजकथा आणि देशकथा ऐकून घरातला प्रत्येक माणूस रात्री अधिक घाबरलेला आणि अधिक चिडलेला असे.

माझी नणंद गोंदियाला एकटी होती. तिचे यजमान नागपूरच्या दवाखान्यात, भेटायची मुभा नाही. रात्री तिला झोप येईना. मी माळ्यावरचा सासूबाईंचा गठ्ठा काढला आणि फोनवरून तिला रोज दहा पानं वाचून दाखवू लागले. हिऱ्यांच्या चोरीची गोष्ट होती. तिच्या डोळ्यांना झापड आली की ती “बस वहिनी” म्हणायची. गोष्ट अर्ध्यावर आली असताना ते गेले. मी पुस्तक परत माळ्यावर टाकलं.

महिना-सव्वा महिन्याने, मे संपत आला असताना, तिचा रात्री फोन आला. घरचं-दारचं बोलून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वहिनी, त्या हिऱ्यांचं पुढं काय झालं?”

त्या प्रश्नात मला प्रमाद दिसला नाही. पुढे काय होतं हे विचारण्याची इच्छा तिच्यात परत आली होती, आणि ती परत यायला एका चोराचा हात लागला होता. पुढचे सहा दिवस आम्ही वाचलं. सातव्या दिवसापासून तिने यजमानांच्या दुकानाच्या वह्या उघडल्या, आणि हिशोबाला बसली.