सरासरीत मुली पुढे, मग टोकाला कोण?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा ठरलेला. आणि त्यामागोमाग कुठलेतरी काका म्हणतातच, "मुली घोकून मार्क मिळवतात हो, पण खरं डोकं लागतं तिथे मुलगेच." काकांना कल्पना नसेल, पण या वाक्याला शंभराहून जास्त वर्षांचा शास्त्रीय इतिहास आहे.

मानसशास्त्रात याला 'व्हेरिएबिलिटी हायपोथिसिस' म्हणतात. मी त्याला पसरटपणाचं गृहीतक म्हणते. समजा, दोन वर्ग आहेत आणि दोन्हींची सरासरी ६० मार्क. एका वर्गात सगळे ५५ ते ६५ च्या आत. दुसऱ्यात कोणी ३०, कोणी ९५. दावा असा की मुली पहिल्या वर्गासारख्या आणि मुलगे दुसऱ्यासारखे. म्हणजे मतिमंदांतही पुरुष जास्त आणि प्रतिभावंतांतही. डार्विनने प्राण्यांच्या नरांबद्दल असं काहीसं लिहिलं होतं. हॅवलॉक एलिसने १८९४ साली ते माणसांच्या बुद्धीला जोडलं. पुरावा काय, तर मतिमंदांच्या संस्थांमध्ये पुरुष जास्त आणि थोर व्यक्तींच्या यादीतही पुरुषच जास्त.

हे गृहीतक उचलून धरलं गेलं त्याची वेळही बघा. १९०३ मध्ये हेलन थॉम्प्सन (पुढे वूली) यांनी शिकागोत २५ पुरुष आणि २५ स्त्रियांच्या चाचण्यांवरचा प्रबंध छापला. बहुतेक फरक किरकोळ निघाले. सरासरीवर भांडण जिंकता येईना, मग टोकं पुढे आली. कोलंबिया विद्यापीठातले एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९०६ मध्ये त्यातून थेट शिक्षणाचं धोरणच काढलं. वैज्ञानिक संशोधनासारख्या क्षेत्रांत मोजकेच असामान्य लोक लागतात, तेव्हा त्यासाठी बायकांना शिकवण्याची फारशी गरज नाही. नर्सिंग, शिक्षकी पेशा अशा कामांसाठी शिकवावं, कारण तिथे सरासरी महत्त्वाची!

याच थॉर्नडाइकांच्या हाताखाली लिटा हॉलिंगवर्थ पीएचडी करायला आल्या. नेब्रास्कात त्या हायस्कूलमध्ये शिकवत होत्या. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला येऊन लग्न केलं, तर तिथे विवाहित बायकांना शाळेत नोकरी द्यायची नाही असा नियम. काही वर्षं घरातच गेली. मग १९११ मध्ये त्यांच्या नवऱ्याला कोका-कोला कंपनीकडून कॅफीनच्या परिणामांवर प्रयोग करायचं काम मिळालं. त्या पैशांतून लिटाबाईंचं पुढचं शिक्षण झालं. (स्त्रीवादी मानसशास्त्राच्या इतिहासात कोका-कोलाचा हा वाटा मला फार आवडतो.)

प्रबंधाचा विषय होता पाळीच्या दिवसांत बायकांची बुद्धी मंदावते का. २३ स्त्रियांच्या चाचण्या महिनाभर किंवा जास्त काळ घेतल्या. तसं काही दिसलं नाही. हेलन मॉन्टेग्यू यांच्याबरोबर त्यांनी १००० नवजात मुलगे आणि १००० नवजात मुली मोजल्या. पसरटपणा जन्मजात असेल तर निदान शरीराच्या मापांत तरी दिसावा. तोही दिसला नाही. हे दोन्ही १९१४ चं काम.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसरं काम. न्यूयॉर्कच्या ज्या केंद्रात मतिमंद व्यक्तींची तपासणी व्हायची तिथे त्या स्वतः चाचण्या घेत. तिथल्या १००० नोंदी त्यांनी तपासल्या. पुरुष जास्त होते, हे खरंच. पण वयं पाहिली तर आणलेल्या स्त्रिया वयाने मोठ्या होत्या. का? मुलग्याने बाहेर पडून कमवावं ही अपेक्षा, त्यामुळे त्याला जमत नाही हे लवकर उघडं पडतं. मुलगी घरात भांडी घासते, पोरं सांभाळते, तिला कोणी तपासायला आणतच नाही. म्हणजे एलिसने मोजली होती ती बुद्धी नव्हतीच, कोण कधी दारात आणलं जातं ते होतं. थोरांच्या यादीचंही तेच: ज्यांचं आयुष्य मुलं वाढवण्यात जातं त्यांची नावं तिथे कशी येणार?

थॉर्नडाइकांनी प्रबंध मान्य केला, १९१६ मध्ये पदवी मिळाली, आणि लिटाबाई कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजात १९३९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शिकवत राहिल्या. वाद मात्र विसरला गेला. १९७५ मध्ये स्टेफनी शील्ड्स या स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो पुन्हा उकरून काढला.

गृहीतक मेलं नव्हतंच. १९८३ मध्ये बेनबो आणि स्टॅनली यांनी दाखवलं की १३ वर्षांखालच्या हुशार मुलांत सॅटच्या गणितात ७०० च्या वर जाणारे मुलगे मुलींच्या १३ पट आहेत. २००५ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॅरी समर्स यांनी विज्ञानात वरच्या जागांवर बायका कमी का, याचं एक कारण म्हणून हाच पसरटपणा पुढे केला. तोवर ते १३ पट घसरून चारच्या आसपास आलं होतं. निसर्ग वीस-पंचवीस वर्षांत एवढा बदलतो का?

फरक शून्य आहे असं मी म्हणत नाही. २००८ मध्ये जॅनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ७० लाख विद्यार्थ्यांचे गणिताचे मार्क तपासले. सरासरी सारखी, मुलग्यांचा पसरटपणा किंचित जास्त. पण मिनेसोटाच्या अकरावीत वरच्या एक टक्क्यात गोऱ्या विद्यार्थ्यांत एका मुलीमागे दोन मुलगे होते, तर आशियाई-अमेरिकनांत मुलीच थोड्या जास्त. शिवाय त्यांनी सरळ हिशेब मांडला: एकास दोन हे प्रमाण धरलं, तरी ज्या क्षेत्राला वरच्या एक टक्क्याचं गणित लागतं तिथे बायका ३३ टक्के असायला हव्यात. इंजिनिअरिंगच्या पीएचडीत तेव्हा त्या होत्या १५ टक्के. मधले १८ टक्के कुठे गळतात हा माझ्या कामाचा विषय. पुढच्या लेखात प्रयोगशाळेत उपकरणाला हात कोण लावतं आणि वहीत आकडे कोण लिहितं, तिथून सुरुवात करू.