तूट देशाची, भरपाई कोणाची?

एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. तेव्हा आपल्याकडे सर्रास म्हटले गेले, "आयात जास्त, निर्यात कमी, देश बुडणारच!" मग नेपाळ का बुडला नाही?

2021 मध्ये श्रीलंकेची निर्यात सुमारे 12.5 अब्ज डॉलर होती, आयात 20.6 अब्ज. नेपाळने 2021-22 मध्ये सुमारे 20 हजार कोटी नेपाळी रुपयांचा माल विकला आणि 1 लाख 92 हजार कोटींचा विकत घेतला. म्हणजे निर्यातीच्या साडेनऊ पट आयात! तूटच देश बुडवत असती, तर नेपाळ आधी बुडायला हवा होता.

बाबासाहेब या दोन्ही देशांत जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. 1950 मध्ये श्रीलंकेत, 1956 मध्ये नेपाळमध्ये. पण या आकड्यांकडे कसे पाहायचे, हे त्यांनी त्याआधीच, 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात शिकवले होते. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि व्यापारी खूश होतो. पण महागाईच्या वेगाने मजुरी वाढत नाही. व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो.

आता इतिहास तपासा. 1950-51 मध्ये कोरियन युद्धामुळे रबराचे भाव चढले आणि श्रीलंकेच्या व्यापारात शिल्लक पडली. ही शिल्लक चहा-रबराच्या मळ्यांतून आली. तिथे राबणारे तमिळ मजूर, ज्यांच्यात दलित मोठ्या संख्येने होते, त्यांना 1948 च्या कायद्याने नागरिकत्वच नाकारले होते. देश फायद्यात, कमावणारा देशाबाहेर! हा प्रश्न पूर्ण सुटायला 2003 साल उजाडले.

1977 मध्ये बाजार खुला झाला आणि पुढे तूट कायमची झाली. ती परदेशातील कामगारांच्या पैशाने, पर्यटनाने आणि कर्जाने भरली गेली. 2022 मध्ये हा डोलारा कोसळला. डॉलर 200 रुपयांवरून 360 च्या घरात गेला. मळ्यातील मजुराचा रोज ठरला होता 1000 रुपये. तो पाच डॉलरवरून तीन डॉलरच्याही खाली आला. सप्टेंबरमध्ये खाद्यपदार्थांची महागाई 95 टक्क्यांच्या आसपास होती. आणि व्यापारतूट? ती 8.1 वरून 5.2 अब्ज डॉलरवर आली. कागदावर सुधारणा झाली, कारण लोकांना विकत घेणेच परवडेना.

नेपाळची गोष्ट वेगळी दिसते, पण आहे तीच. तिथे त्याच वर्षी परदेशी गेलेल्यांनी सुमारे 1 लाख कोटी नेपाळी रुपये घरी पाठवले. तुटीचा अर्ध्याहून अधिक खड्डा त्यांनीच भरला. आखातात आणि मलेशियात राबणारी ही तरुण पोरे निर्यातीच्या यादीत कुठेच नाहीत. खरी निर्यात मात्र त्यांचीच आहे.

हे नाशिककरांना परके नाही. आपला कांदा श्रीलंकेलाही जातो आणि नेपाळलाही. आपली निर्यात ती त्यांची आयात. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तेव्हा शेतकरी, व्यापारी, ग्राहक यांच्यावर भरपूर चर्चा झाली. शेडमध्ये दिवसभर कांदा निवडणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाबद्दल मात्र मला क्वचितच ऐकू आले.

म्हणून मित्रांनो, तूट किती हे जरूर वाचा. पण ती कोण भरतो, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जय भीम!